नकाराचे पेढे

आमच्या ऑफिसात नकाराचं पत्र आलं की पेढे वाटले जायचे. मंजुरीचं पत्र आलं तर काही नाही. उलट त्या दिवशी काका जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुरकुरत बसायचे.

मी पुण्यात एका सहकारी बँकेत अकरा वर्षं काढलेली बाई. तोटा झाल्यावर तोंड गोड करायची पद्धत मला कुठल्याच नियमात बसवता येत नव्हती. पण काकांच्या हाताखाली मी सहा वर्षं चार महिने काम केलं आणि तेवढ्या काळात अठ्ठ्याऐंशी नकारांचे पेढे खाल्ले. हा आकडा अंदाजे नाही. माझ्या डायरीत प्रत्येकाची नोंद आहे.

ऑफिसचं काम आधी सांगते. अमेरिकेतल्या विद्यापीठात प्राध्यापकाला पगार मिळतो, पण संशोधनाला लागणारा पैसा बहुतेक वेळा त्याला बाहेरून आणावा लागतो. कधी सरकारी खात्याकडून, कधी एखाद्या श्रीमंत घराण्याच्या फाउंडेशनकडून. कोण कशासाठी पैसे देतं ते शोधायचं, प्राध्यापकाकडून अर्ज लिहून घ्यायचा, तो नियमांत बसवायचा आणि वेळेत पोचवायचा, हे आमचं काम. शोधणं काकांकडे, बजेट आणि नियम माझ्याकडे. आमच्या संचालकबाई दुसऱ्या इमारतीत बसत आणि महिन्यातून एकदा डोकावून जात. म्हणजे ऑफिस म्हणायला काका, मी आणि एक झेरॉक्स मशीन. उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅममधल्या एका जुन्या तंबाखूच्या गोदामाची दुरुस्ती करून त्यात विद्यापीठानं अशी बरीच ऑफिसं थाटली होती. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत भिंतींना अजून तंबाखूचा वास सुटायचा.

मी तिथं २००२ साली लागले. नवऱ्याची नोकरी आयटीतली, घर जवळच, कॅरीला. माझं वर्क परमिट यायला तीन वर्षं लागली होती आणि तोपर्यंत घरातल्या प्रत्येक डब्याला माझं दोनदा लेबल लावून झालं होतं. पहिल्या दिवशी काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मराठीतच विचारलं,

"कुठली?"

"पुण्याची."

"छान झालं. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढता येतात."

तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी कायम 'पुणेकर'. ते स्वतः नागपूरचे, सत्तरच्या सुमाराला केमिस्ट्री शिकायला आलेले. पीएच.डी. करून प्रयोगशाळेत रमले नाहीत, आणि दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांसाठी पैसे शोधत तीस वर्षं राहिले. त्यांना अख्खं विद्यापीठ 'काका' म्हणायचं. एका नव्या कुलगुरूंनी तर 'डिअर डॉक्टर काका' असं रीतसर लेटरहेडवर लिहिलं होतं. काकांनी ते पत्र फाइल केलं, चूक दुरुस्त करायला गेले नाहीत.

त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाची केळ्याची परीक्षा असे. प्राध्यापक समोर बसला की काका खणातून केळं काढायचे, सावकाश सोलायचे आणि म्हणायचे, "मी हे खाऊन संपवेपर्यंत सांगा, तुम्हाला काय शोधायचंय आणि ते नाही शोधलं तर कोणाचं काय अडतं." केळं संपलं की ऐकणं संपलं. फिजिक्सच्या एका नामांकित गृहस्थांनी काकांना लागोपाठ तीन केळी खायला लावली आणि तरी मुद्दा आला नाही. चौथ्या केळ्याला काका म्हणाले, "सर, उद्या या. माझं पोट बिघडेल." ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले आणि अर्ध्या केळ्यात सांगून गेले.

पैसे देणाऱ्यांची माहिती तेव्हा कॉम्प्युटरवर मिळायला लागली होती. विद्यापीठानं त्यासाठी महागडी सेवा घेतली होती. काका ती वापरत, पण विश्वास ठेवत तो चपलांच्या खोक्यांवर. अशी एकोणीस खोकी होती आणि त्यांत जाड कागदाची कार्डं. एका फाउंडेशनला एक कार्ड. इथं फाउंडेशननं कोणाला किती दिले ते सरकारला कळवावं लागतं आणि ती विवरणपत्रं कोणालाही पाहता येतात. काका ती पेपरसारखी वाचायचे. पण कार्डावर आकडे कमीच. 'बायको कॅन्सरनं गेली, १९६१.' 'धाकटा मुलगा बहिरा.' 'लहानपणी पुरात घर वाहून गेलं, अजून विसरलेले नाहीत.' असं काहीबाही.

"काका, हे कशाला?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "पात्रतेच्या अटी कुठायत?"

"अटी तू पाह्य. मी हे पाहून राहिलो का कोणाला काय दुखलं. माणूस पैसा तिथंच देते."

अर्ज तयार झाला की ते हिरवी पेन्सिल घेऊन बसत. 'अभूतपूर्व' आणि 'क्रांतिकारक' या अर्थाचे इंग्रजी शब्द दिसले की आडवी रेघ. मग नागपूरहून आणलेली लाकडी फूटपट्टी निघायची आणि चारी बाजूंचे समास मोजले जायचे. एक इंच म्हणजे एक इंच. त्या बाबतीत मात्र आमचं दोघांचं एकमत होतं. समासात कसूर म्हणून न वाचता परत आलेला अर्ज मी पाहिलेला आहे. अडतीस पानं होती त्याची.

आता पेढ्यांचं. ते काकू करायच्या. दुधाची पावडर, कंडेन्स्ड मिल्क, थोडं बटर, सगळं मायक्रोवेव्हमध्ये, आणि वर अंगठ्याचा ठसा. काकूंच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या शेजारी एक छोटी बुद्धमूर्ती होती. पेढ्यांचा पहिला मान तिचा, दुसरा नकार मिळालेल्या माणसाचा. नकार आला की काका त्या प्राध्यापकाला बोलावून घेत, समोर डबा उघडत आणि परीक्षकांचे शेरे मोठ्यानं वाचत. "पाहा, तीन हुशार माणसांनी तुमचा अर्ज आठवडाभर वाचला. फुकट. हे लिहितात की तुमची दुसरी पद्धत लंगडी आहे. खरंच आहे की. मलाही वाटलं होतं. घ्या, पेढा घ्या." गोरी माणसं आधी गोंधळायची. तोंड पाडून आलेला माणूस एका हातात पेढा, दुसऱ्या हातात नकार घेऊन उभा राहायचा, आणि जाताना बहुतेक वेळा पुढच्या अर्जाची तारीख ठरवून जायचा.

मंजुरीला मात्र काका म्हणायचे, "झालं. आता रिपोर्ट लिहा." आणि कार्ड खोक्यात आपटायचे. याचं कारण मला दोन वर्षं कळलं नाही. कळलं ते गांडूळवाल्या बाईंच्या अर्जाच्या वेळी.

या बाई मृदाशास्त्राच्या, वय असेल पस्तिसेक, स्वतः तंबाखू पिकवणाऱ्या घरातल्या. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू घेऊन दमलेली जमीन मोकळी सोडली तर तिच्यात गांडुळं किती वर्षांनी परततात, हे त्या मोजत. पद्धत अशी की जमिनीचा एक चौकोन आखायचा, त्यावर मोहरीची पूड कालवलेलं पाणी ओतायचं आणि वर येणारी गांडुळं मोजायची. पहिल्या भेटीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा काकांचं केळं हातातच राहिलं.

"मोहरी?"

"हो. त्यांना ती झोंबते, म्हणून वर येतात."

काका मराठीत मला म्हणाले, "पुणेकर, फोडणी दिल्यावर कोणीही बाहेर येईल." आणि इंग्रजीत त्यांना म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पैसे मिळणार. कधी ते माहीत नाही."

त्यानंतर बाईंना ओळीनं सहा नकार आले. सहाही मोठ्या सरकारी खात्यांकडून. शेरे साधारण एकच: काम गोड आहे, पण लहान आहे. सहा वेळा पेढे झाले. सहाव्या वेळी बाईंनी पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही.

"काका, माझा निर्णय येत्या सप्टेंबरात आहे," त्या म्हणाल्या.

याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. इथं प्राध्यापकाला सहा वर्षांनी विद्यापीठ एकतर कायम करतं किंवा निरोप देतं. आणि बाहेरून एकही ग्रँट न आणलेल्या माणसाला कायम केल्याचं निदान माझ्या पाहण्यात नव्हतं. बाईंचे प्रयोगाचे चौकोन इथल्याच शेतांत आखलेले. पाच वर्षांची मोजणी झाली होती. गाव बदललं की सगळं शून्यावर येणार होतं.

काका त्या दिवशी दुपारभर खोकी उपसत राहिले. पाचच्या सुमारास चौदाव्या खोक्यातून एक कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले. व्हर्जिनियातल्या रिचमंडचं एक जुनं, लहानसं घराणं. आजोबांनी नांगर बनवून पैसा केलेला. कार्डावर काकांच्या अक्षरात एकच ओळ: 'म्हातारपणी म्हणायचा, माझ्या नांगरांनी माती इतकी सैल केली की पावसानं ती नेली.'

"पाह्य," काका म्हणाले. "याला माती दुखली होती. आणि मी मूर्ख दीड वर्ष तिला सरकारी दारात उभी करून राहिलो."

जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, तीन वर्षांसाठी. वर्षातून एकदाच अर्ज, जानेवारीअखेर. दहा प्रती, कागदावर, संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या ऑफिसात. आणि पहिलं पान म्हणजे त्यांचाच छापील फॉर्म, चौकटींचा, टाइपरायटरवर भरायचा. अर्जात कुठंही खाडाखोड असली किंवा दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत, तर अर्ज न वाचता परत. हे मी तीनदा वाचलं.

टाइपरायटर गोदामाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता. फॉर्म मी भरला. बँकेत अकरा वर्षं टाइप केलेली बोटं, अर्ध्या तासात काम झालं. मी तपासला, काकांनी तपासला, मी पुन्हा तपासला. वर जाऊन अधिकाऱ्यांची सही आणली. मग दहा प्रती.

मुदतीच्या आदल्या दिवशी बर्फाचा पाऊस झाला. उत्तर कॅरोलायनात हिमापेक्षा हे वाईट. पाणी पडतं आणि पडल्या पडल्या काच होतं. झाडं मोडतात, तारा तुटतात. विद्यापीठ बंद, कुरियरवाल्यांनी फोनवर सांगितलं की आज गाडी निघणार नाही. बाईंच्या अंगणात पाइनचं झाड त्यांच्या गाडीवरच आडवं झालेलं.

मुदतीच्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी काका त्यांची जुनी स्टेशन वॅगन घेऊन माझ्या दाराशी उभे. "चल. हायवे मोकळा केलाय म्हणतात."

"काका, अडीच तासांचा रस्ता आहे. आज किती लागतील?"

"ते तू मोज. मी चालवतो."

काकूंनी खाण्याचा डबा आणि पेढ्यांचा डबा, दोन्ही दिले होते. पेढ्यांचं कारण मी विचारलं तर काका म्हणाले, "तिला वाटते नकार येणारच. तयारी बरी." ताशी चाळीस मैल, पार्किंगचे दिवे लुकलुकत ठेवलेले, दोन्ही बाजूंना काचेची झाडं. मला आयुष्यात पहिल्यांदा काकांबरोबर रिकामा वेळ मिळाला होता. म्हणून विचारलं,

"काका, नकाराला पेढे का हो?"

ते म्हणाले, "मी बी.एस्सी.ला होतो. परदेशी शिकायच्या स्कॉलरशिपचा फॉर्म दिल्लीला पाठवला. आमच्या वस्तीत पोस्टमन यायचा तो मनीऑर्डर घेऊन, नाहीतर कोणी गेल्याची तार घेऊन. एक दिवस आला तर लांब पांढरा लिफाफा. सरकारी शिक्का, माझं नाव टाइप केलेलं. माय घरी एकटी. तिला वाचता नव्हतं येत. मी कॉलेजातून आलो तर माय पूर्ण वस्तीत बत्तासे वाटून राहिली. म्हणे माझ्या पोराला दिल्लीहून कागद आला."

"आणि?"

"आणि काय. नकार होता."

"मग तुम्ही सांगितलंत?"

"काहून सांगू? तिचं काय चुकलं होतं? दिल्लीच्या कोण्या साहेबानं माझं नाव वाचलं, बसून टाइप केलं. आमच्या घराण्यात आधी कोणाचं केलं होतं? दुसऱ्या वर्षी पुन्हा नकार, पुन्हा बत्तासे. तिसऱ्या वर्षी स्कॉलरशिप लागली." त्यांनी वायपर एकदा फिरवला. "तर माय रडायला बसली. तिला कळलं का पोरगा आता चालला. ते बत्तासे वाटायचेच राहिले."

मी बाहेर बघत बसले. रस्त्याच्या कडेला नव्या घरांच्या वसाहतीची मोठी पाटी आली. घरं २४९,९०० डॉलरपासून. आपल्या आकड्याच्या किती जवळ, असा विचार मनात आला आणि सवयीनं मी मांडीवरच्या प्रतीचं पहिलं पान पाहिलं.

तिथं लिहिलं होतं: २,४९,६००.

मी पुन्हा पाटी आठवली. पुन्हा पान पाहिलं. आत बजेटच्या पानावर कॉम्प्युटरनं अमेरिकन पद्धतीनं टाकलेला आकडा होता: २४९,६००. तिथं स्वल्पविराम मशीननं टाकला होता. फॉर्मवर तो माझ्या बोटांनी टाकला होता, आणि बोटं अजून पुण्याच्या बँकेत होती. तीन तपासण्या झाल्या होत्या. दोन माझ्या, एक काकांची. आम्हा दोघांच्याही डोळ्यांना तो आकडा अगदी घरचा वाटला होता.

"काका, गाडी थांबवा."

पेट्रोल पंपावर थांबवून त्यांनी पान पाहिलं. आधी त्यांनाही दिसेना. मी बोट ठेवलं. मग ते हसायला लागले. स्टीअरिंगवर डोकं टेकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"दोन लाख एकोणपन्नास हजार सहाशे! वा रे पुणेकर! बावा, तीस वर्षं झाली मला इथं, आणि मीच पास केला!"

"काका, हसू नका. दोन ठिकाणी आकडा वेगळा दिसतोय. खाडाखोड चालत नाही. नवा फॉर्म नाही, सही नाही. परत पाठवतील."

"रडू नको. पेढा खा."

"मी पेढा खाणार नाही."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. बाई होत्या. कुठपर्यंत पोचलो, सगळं ठीक आहे ना. काकांनी हातानं खूण केली, सांगू नको. पण मला ते जमत नाही. मी सांगितलं की फॉर्मवर चूक आहे, चूक माझी आहे आणि ती आता दुरुस्त करता येण्यासारखी नाही. त्यांनी विचारलं, "काकांना माहीत आहे?"

"हो."

"काय करताहेत ते?"

"हसताहेत."

"मग जा पुढे," बाई म्हणाल्या.

आम्ही तीन वाजून पन्नास मिनिटांनी पोचलो. पांढऱ्या रंगाचं दोन मजली घर, दारावर लहानशी पितळी पाटी. आत सत्तरीच्या एक बाई लोकरीची टोपी घालून एकट्याच बसल्या होत्या. बाकीचे बर्फामुळे आलेच नव्हते. त्यांनी दहा प्रती मोजून घेतल्या. दोनदा मोजल्या. मला त्या आवडल्या.

मी म्हणाले, "शिक्का मारण्याआधी मला एक चूक सांगायची आहे." आणि बोट ठेवलं.

त्यांनी पान चष्म्याजवळ नेलं. "हा स्वल्पविराम इथं काय करतोय?"

मग काका खुर्ची ओढून बसले. हजारांपर्यंत आम्ही तुमच्यासारखे, त्यापुढे दोन-दोनच्या जोड्या, अशी त्यांनी पाकिटाच्या पाठीवर लाख आणि कोटीची शिकवणी घेतली. बाईंनी विचारलं, "पण दोन-दोनच्या का?"

"तुम्ही तीन-तीनच्या का करता?" काका म्हणाले.

बाईंनी विचार केला. "हे मला कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खणातून त्यांच्याच फाउंडेशनचे नियम काढले. दोन पानं. बोट ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, एकही ओळ न सोडता. वाचून झाल्यावर त्यांनी पेन्सिलनं दोन्ही आकडे एका कोऱ्या कागदावर उतरवले, एकाखाली एक, स्वल्पविराम न देता. दोन, चार, नऊ, सहा, शून्य, शून्य.

"आकडे जुळले पाहिजेत असा नियम आहे," त्या म्हणाल्या. "आकडे जुळताहेत. स्वल्पविरामाबद्दल इथं काही लिहिलेलं नाही." आणि दहाही प्रतींवर शिक्का मारला. चार वाजून सोळा मिनिटं.

काकांनी पेढ्यांचा डबा पुढे केला. मी घाईनं म्हणाले, "काका, अर्जदाराकडून काही घेता येत नाही त्यांना." त्या बाईही त्याच क्षणी तेच म्हणाल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काका म्हणाले, "देवा, इथंही एक पुणं आहे."

परतीच्या वाटेवर मी तीन पेढे खाल्ले.

पत्र जूनमध्ये आलं. पातळ लिफाफा होता. मंजुरी आली की सोबत अटींचे, करारांचे कागद असतात आणि लिफाफा फुगीर असतो. पातळ म्हणजे एक पान, आणि एक पान म्हणजे नकार. काकांनी लिफाफा न उघडता काकूंना फोन केला आणि दुपारपर्यंत डबा आला. मग बाईंना बोलावलं. त्या थेट शेतातून आल्या, बुटांना लाल माती. काकांनी डबा उघडून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून दिली आणि लिफाफा त्यांच्या हातात दिला.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची शेजारी असून खाली जमिनीवर बसल्या आणि पत्र वर धरलं. "दिलेत," त्या म्हणाल्या. "सगळे दिलेत. करार मागून पाठवताहेत."

काकांनी सवयीनं पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. "मंजुरीला पेढे नाहीत. आता रिपोर्ट लिहावे लागतील. दर सहा महिन्यांनी एक—"

"काका," मी मराठीत म्हणाले, "या कुठं जाणार नाहीत. पैसे मिळाले म्हणजे या इथंच राहणार."

काकांचा हात झाकणावर थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या जमिनीवर बसून बुटांची माती खरवडत एकाच वेळी हसत आणि नाक पुसत होत्या. सप्टेंबरात त्या रीतसर कायम झाल्या. आजही तिथंच आहेत आणि अजून मोहरी ओततात. पण काकांना ते त्या दुपारीच दिसलं असावं. त्यांनी झाकण काढलं, पहिला पेढा बाईंना दिला, दुसरा मला, आणि तिसरा स्वतःच्या तोंडात टाकला. मंजुरीचा पेढा खाताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

२००८ साली काका निवृत्त झाले आणि मुलाकडे शुगर लँडला राहायला गेले. एकोणीस खोकी माझ्याकडे देऊन गेले. अजून फोन करतात, आणि पहिला प्रश्न असतो, "या महिन्यात किती नकार?" मी आकडा सांगते. पेढे आता मी करते. माझ्या पेढ्यांवरचे अंगठ्याचे ठसे सगळे एकाच खोलीचे असतात, हे काकूंना पसंत नाही.

त्या जूनच्या दुपारी बाई गेल्यावर काकांनी ते पत्र माझ्याकडे सरकवलं. "पुणेकर, आकडा तपास. आपण मागितले तेवढेच आहेत ना?"

मी वाचलं. मजकूर चार ओळींचा, खाली त्या लोकरीच्या टोपीवाल्या बाईंची सही. तिसऱ्या ओळीत रक्कम टाइप केलेली होती, टाइपरायटरवर, अगदी स्वच्छ: २,४९,६०० डॉलर.

"काय?" काकांनी विचारलं. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे काका," मी म्हणाले. "स्वल्पविरामासकट."